एनक्लेक्सचा दुसरा प्रयत्न : सर आणि सिस्टर

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायचे तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावीच लागते. पदवी पुण्याची असो, कोट्टयमची असो की टेक्सासची. परीक्षा घेते ती शिकागोची एनसीएसबीएन ही संस्था, परवाना देते त्या त्या राज्याचे नर्सिंग मंडळ आणि उमेदवार प्रत्यक्ष बसतो तो पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर. असे केंद्र मुंबईतही असल्यामुळे महाराष्ट्रातल्या उमेदवाराला परीक्षेपुरते तरी विमानात बसावे लागत नाही. १९८२ साली हे नाव आले तेव्हा परीक्षा कागद-पेन्सिलीवर होत असे. १९९४ पासून ती संगणकावर गेली आणि तेव्हापासून नापास होण्याचा अर्थही बदलला.

कारण या परीक्षेत मार्क मिळत नाहीत. ‘किती मार्कांनी गेली?’ हा घरातला पहिला प्रश्न, आणि त्याला उत्तरच नसते. उमेदवाराचे उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न थोडा कठीण काढतो, चुकले की थोडा सोपा. प्रत्येक वेळी साधारण असा प्रश्न निवडला जातो की तो बरोबर येण्याची आणि चुकण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल. त्यामुळे हुशार उमेदवारालाही आणि कच्च्या उमेदवारालाही केंद्रावरून बाहेर पडताना आपले निम्मे चुकले असेच वाटते. प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यांतले १५ प्रश्न केवळ चाचणीचे असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळायला मार्ग नसतो. उमेदवार पात्रता-रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. खात्री होत नसेल तर प्रश्न चालू राहतात. ही रेषा २०१३ मध्ये ठरली आणि २०२३ मध्ये परीक्षेचा साचा बदलला तेव्हाही ती तशीच ठेवली गेली.

अमेरिकेत शिकून पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी २०२२ मध्ये सुमारे ८० टक्के आणि २०२३ मध्ये ८८ टक्क्यांहून अधिक जण पास झाले. पुन्हा बसणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. एकदा परीक्षा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा अधिक तयारीचा असायला हवा. तसे का होत नाही, यावरच इथला वाद आहे.

वाद घालणारी पात्रे दोन. सर एनक्लेक्सचे क्लास घेतात. त्याआधी ते वॉर्डात ‘ब्रदर’ होते. सिस्टर मुंबईत बारा वर्षे वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात होत्या, पहिल्या प्रयत्नात नापास झाल्या, दुसऱ्यात पास झाल्या आणि आता न्यू जर्सीत नोकरी करतात. दोघांपुढे प्रकरण एकच आहे : बी.एस्सी. नर्सिंग झालेली, पाच वर्षे सर्जिकल वॉर्डात काम केलेली आणि ११२ व्या प्रश्नावर संगणक बंद होऊन नापास झालेली एक मुलगी.

सर : पंचेचाळीस दिवसांनंतरची पहिली मिळेल ती तारीख घ्यायला सांगा तिला. आत्ता सगळं डोक्यात ताजं आहे. सहा महिने गेले की परत श्रीगणेशा.

सिस्टर : सर, ताजं काय आहे ते तरी आधी बघू या. चुकीचं बसलंय तेही ताजंच आहे.

दोन प्रयत्नांत किमान ४५ दिवसांचे अंतर हवे आणि वर्षातून जास्तीत जास्त आठ वेळा बसता येते, ही एनसीएसबीएनची चौकट. त्याखेरीज राज्यांचे आपापले नियम असतात. फ्लोरिडात तीनदा नापास झाल्यास मंडळाने मान्य केलेला उजळणीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय चौथ्यांदा बसता येत नाही. टेक्सासमध्ये पदवीनंतर चार वर्षांच्या आत पास व्हावे लागते. म्हणजे अर्ज कोणत्या राज्याकडे केला आहे यावर दुसऱ्या प्रयत्नाची घाई किती करायची हे ठरते, आणि पुष्कळ जणींनी ते राज्य एजंटाच्या सांगण्यावरून निवडलेले असते. नापास झाल्यावर मंडळाकडे नव्याने अर्ज करायचा, परीक्षेची नोंदणी नव्याने करायची, परीक्षेला बसण्याचे परवानगीपत्र नव्याने मिळवायचे. फी २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी १५० डॉलर, वर कर. रुपयांत हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. इथल्या स्टाफ नर्सचा तो कधी महिन्याचा, कधी त्याहून अधिक दिवसांचा पगार असतो. ‘एकदा बसून बघ’ हा सल्ला म्हणूनच वाटतो तितका स्वस्त नाही.

नापास उमेदवाराला मंडळाकडून एक अहवाल मिळतो. अभ्यासक्रमाच्या आठ भागांपैकी प्रत्येकापुढे त्यात तीनपैकी एक शेरा असतो : पात्रता-रेषेच्या वर, रेषेजवळ, रेषेच्या खाली. किती प्रश्न सोडवले, हेही त्यात असते. या कागदाचे काय करायचे, यावर सर आणि सिस्टर यांचे जमत नाही.

सर : माझं सोपं गणित आहे. ‘खाली’ लिहिलंय ते धडे आधी. मग ‘जवळ’. ‘वर’ला हात लावायचा नाही.

सिस्टर : तिच्या कागदावर मानसिक आरोग्य ‘खाली’ आहे आणि काळजीचं व्यवस्थापन ‘जवळ’ आहे. तुमच्या हिशेबानं ती महिनाभर स्किझोफ्रेनिया वाचत बसेल.

सर : मग काय वाचू नये?

सिस्टर : वाचावं, पण चार दिवस. त्या भागाचे प्रश्न तिला आलेच असतील किती?

इथे सिस्टरांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. २०२३ च्या आराखड्यात मनोसामाजिक भागाला ६ ते १२ टक्के, काळजीच्या व्यवस्थापनाला १५ ते २१ टक्के आणि औषधोपचारांना १३ ते १९ टक्के वाटा आहे. शंभरेक गुणांकित प्रश्नांत ६ ते १२ टक्के म्हणजे सहा ते बारा प्रश्न. एवढ्या थोड्या प्रश्नांवरून दिलेला ‘खाली’ हा शेरा दोन-तीन प्रश्नांच्या फरकाने बदलू शकतो. मोठ्या भागातला ‘जवळ’ हा शेरा दिसायला सौम्य असतो, पण त्याच्यामागे प्रश्नांची संख्या मोठी असते. अहवाल खोटा नसतो, पण तो तापाच्या तक्त्यासारखा वाचायचा असतो. एका नोंदीवर उपचार ठरत नाही.

त्याहून बोलका आकडा म्हणजे सोडवलेल्या प्रश्नांचा. ८५ वर नापास होणे म्हणजे उमेदवार रेषेखाली आहे याची संगणकाला लगेच खात्री पटली. १५० पर्यंत जाऊन नापास होणे म्हणजे उमेदवार शेवटपर्यंत रेषेच्या आसपास घुटमळत होता. पहिल्याला पायापासून बांधकाम काढावे लागते, दुसऱ्याला कदाचित एखाद-दुसरी खोड सोडावी लागते. ११२ वाली मुलगी या दोघांच्या मधली. तिच्याबाबतीत वाद घालायला जागा आहे ती म्हणूनच.

सर : सिस्टर, तुम्ही खोड म्हणता, मी सराव कमी म्हणतो. तिनं यूवर्ल्डच्या प्रश्नसंचातले निम्मे प्रश्नसुद्धा संपवले नव्हते. दोन हजारांच्या वर प्रश्न आहेत तिथे. पुरे करा म्हणावं, रोज दीडशे.

सिस्टर : रोज दीडशे सोडवून तपासायला वेळ कुठून आणायचा? नाईट करून आलेली पोरगी आहे ती. दीडशे प्रश्न म्हणजे दीडशे वेळा उत्तराचा हिरवा-लाल रंग बघणं. रंग बघून कोण शिकलंय?

सर : निदान डोळ्यांखालून तरी गेलेलं असतं.

सिस्टर : डोळ्यांखालूनच जातं, सर. डोक्यात थांबत नाही.

डोळ्यांखालून जाण्याचा आणखी एक तोटा असतो. दुसऱ्या प्रयत्नाला बहुतेक जणी तोच प्रश्नसंच पुन्हा उघडतात. या खेपेला टक्केवारी वाढते, धीर येतो. पण त्यातली निम्मी वाढ प्रश्न ओळखीचा वाटल्यामुळे झालेली असते. ‘हा तो सी-ओ-पी-डीवाला, याचं उत्तर तीन नंबर’ असे आठवणे म्हणजे उत्तर येणे नव्हे. संच तोच वापरायचा असेल तर पर्याय झाकून प्रश्न वाचावा, उत्तर आपल्या शब्दांत आधी म्हणावे आणि मग पर्याय उघडावेत. वेळ दुप्पट लागतो, पण टक्केवारीवर विश्वास ठेवता येतो.

सिस्टरांचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. त्यांच्या मते वॉर्डात वर्षे काढलेल्या भारतीय परिचारिकेला नडते ते तिचे अज्ञान नाही, तिची सवय. त्यासाठी त्या एक प्रश्न पुढे ठेवतात. रुग्णाला रक्त चढवायला सुरुवात करून पंधरा मिनिटे झाली आहेत. त्याला थंडी वाजते आहे, कंबर दुखते आहे. परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे? पर्याय : डॉक्टरांना कळवणे, रक्ताचा वेग कमी करणे, रक्त थांबवणे, तापमान आणि रक्तदाब घेणे.

सिस्टर : आमच्या वॉर्डात हात कुठे जातो सांगू? आधी वेग कमी, मग ‘डॉक्टर, पेशंटला रिगर आलाय’ म्हणून फोन, आणि दुसरा हात अव्हिलच्या अँप्यूलकडे. ऑर्डर यायच्या आत इंजेक्शन भरून तयार. यात सिस्टर चुकली असं कुणी म्हणत नाही, उलट तरबेज म्हणतात. त्या मुलीनं सरावात असल्या प्रश्नांना ‘डॉक्टरांना कळवणे’ निवडलंय. अज्ञान नाही, सर. शिस्त आहे ती. इतकी वर्षं तिला हेच शिकवलं, की विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

सर : बरोबर उत्तर रक्त थांबवणे. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

सिस्टर : सांगता. तिला पाठही आहे. पण पुढच्या प्रश्नात रक्ताऐवजी मॅग्नेशियमचं ड्रिप आलं की ती परत फोन उचलते.

उत्तरामागचे कारण असे की रक्तगट न जुळल्याने होणाऱ्या प्रतिक्रियेत शरीरात जाणारा प्रत्येक मिलिलिटर नुकसान वाढवतो. म्हणून आधी रक्त थांबवायचे, नवीन नळी जोडून नॉर्मल सलाईनवर शीर उघडी ठेवायची, मग कळवायचे. मॅग्नेशियम सल्फेटच्या ड्रिपवरच्या बाईचा श्वास मिनिटाला दहावर आला आणि गुडघ्याचा झटका येईनासा झाला, तर तिथेही पहिले काम ड्रिप बंद करण्याचेच. त्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेट. डिगॉक्सिन द्यायला गेलेल्या परिचारिकेला हृदयाचे ठोके ५६ सापडले, रुग्णाला मळमळते आहे आणि दिव्यांभोवती पिवळी वलये दिसत आहेत, तर गोळी हातची ठेवायची, पोटॅशियम पाहायचे आणि मग कळवायचे. तिन्ही प्रश्नांत औषध वेगळे, रोग वेगळा, पण परीक्षा एकच गोष्ट विचारते : परिचारिकेच्या स्वतःच्या अधिकारात आत्ता, या क्षणी काय आहे? ‘डॉक्टरांना कळवणे’ हे उत्तर तेव्हाच बरोबर ठरते जेव्हा करण्यासारखे सगळे करून झालेले असते.

सर यावर गप्प बसत नाहीत, आणि त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे.

सर : सिस्टर, वॉर्डाच्या सवयीवर ढकलणं सोपं असतं. ऐकायलाही बरं वाटतं, ‘माझा अनुभव जास्त म्हणून मी नापास’. हिला मी हेपारिनचा उतारा विचारला, प्रोटामाइन सल्फेट. आला नाही. वॉर्फरिनचा विचारला, व्हिटॅमिन के. तो आला. अॅसिटामिनोफेनचा विचारला तर म्हणते, हे औषध कुठलं?

सिस्टर : पॅरासिटामॉल म्हणाला असता तर आलं असतं.

सर : परीक्षेत पॅरासिटामॉल म्हणत नाहीत ना!

औषधांच्या बाबतीत सरांचे पारडे निर्विवाद जड आहे. इथल्या वॉर्डातले पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होते, अॅड्रेनलिन एपिनेफ्रिन होते, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल आणि पेथिडिन मेपेरिडिन. ब्रँडच्या नावांवर वाढलेल्या परिचारिकेला तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. अव्हिल म्हणजे फेनिरामिन हे आठवायचे, आणि मग अमेरिकेतल्या प्रश्नात त्या जागी बहुधा डायफेनहायड्रामिन असेल हे लक्षात ठेवायचे. हे काम समजुतीने होत नाही, घोकूनच होते. सरांच्या क्लासमध्ये भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावलेला असतो आणि मुली येता-जाता तो म्हणतात. सिस्टर त्याला पाढे म्हणून हसतात. पण परीक्षेच्या खोलीत पाढेच वेळ वाचवतात. औषधांच्या नावांचा, उताऱ्यांचा आणि सोडियम, पोटॅशियम, आयएनआर अशा नेहमीच्या आकड्यांचा सराव रोज अर्धा तास, शेवटच्या दिवसापर्यंत, एवढे तरी दुसऱ्या प्रयत्नात सोडता येत नाही.

सवयीचा मुद्दा पुन्हा उभा राहतो तो कामाच्या वाटणीत, आणि तिथे सिस्टर वरचढ ठरतात. अमेरिकेतल्या वॉर्डात नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली परवानाधारक व्यावसायिक परिचारिका असते आणि परवाना नसलेला साहाय्यक असतो. कोणते काम कोणाला द्यायचे, हा परीक्षेचा आवडता विषय. महाराष्ट्रातल्या वॉर्डात असतात मावशी आणि मामा. बेडपॅन, चादरी, रुग्णाला एक्स-रेला नेणे ही त्यांची कामे, पण हात कमी पडले की सीमारेषा पुसट होतात.

सिस्टर : रात्री पस्तीस खाटा आणि मी एकटी. स्ट्रोकच्या आजोबांना पहिल्यांदा तोंडानं द्यायचं होतं. मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं बघा, मी चमच्यानं पाजते.’ मी हो म्हटलं. त्या काय वाईट होत्या? वीस वर्षं पेशंट सांभाळलेल्या. एनक्लेक्सला हे सांगून बघा.

सर : तिथं पहिला घास सिस्टरच्या देखरेखीखालीच.

सिस्टर : तेच तर. मला त्या पर्यायात चूक दिसेचना. मला मावशी दिसत होत्या.

नियम असा : पहिली तपासणी, पहिले शिक्षण, निर्णयाची गरज असलेले काहीही आणि ज्याची प्रकृती स्थिर नाही असा रुग्ण, हे सगळे नोंदणीकृत परिचारिकेकडे. स्थिर रुग्ण, ज्याचे पुढे काय होणार हे ठाऊक आहे, असा व्यावसायिक परिचारिकेला देता येतो. साहाय्यकाकडे ठरलेल्या पद्धतीची, निर्णय न लागणारी कामे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस उलटलेल्या स्थिर रुग्णाला न्हाणीघरापर्यंत चालवत नेणे साहाय्यकाला देता येते. आत्ताच शस्त्रक्रियागृहातून आलेल्या रुग्णाचे पहिले रक्तदाब-नाडी घेणे मात्र देता येत नाही, जरी यंत्र तेच आणि पट्टा तोच असला तरी. या ठिकाणी परीक्षा एक आदर्श रुग्णालय गृहीत धरते. तिथे मनुष्यबळ पुरेसे असते, साहित्य हाताशी असते आणि एका प्रश्नापुरता परिचारिकेसमोर तेवढाच रुग्ण असतो. ते रुग्णालय अमेरिकेतही नाही, असे सिस्टर म्हणतात. त्या तिथेच काम करतात, तेव्हा त्यांचे ऐकावे.

यातून सिस्टरांनी मुलीला वही घालायला लावली. सरांना वहीचे फारसे कौतुक नाही. ‘वह्या सजवणाऱ्या मुली परीक्षेला बसतच नाहीत’ असे त्यांचे मत आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. पण ही वही सजवण्यासारखी नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच ओळ : माहीत नव्हते, नीट वाचले नाही, की वॉर्डाने उत्तर दिले. मुलीच्या वहीतल्या एका पानावर अकरा नोंदी आहेत. त्यांतली एक अशी : ‘पोटॅशियम ६.२. मी ईसीजीच्या आधी डॉक्टरांना कळवले. वॉर्ड.’ खाली दुसरी : ‘“पुढील शिक्षणाची गरज दर्शवणारे विधान” विचारले होते, मी बरोबर विधान निवडले. वाचले नाही.’ अकरांपैकी माहीत नसलेले चार, न वाचलेले दोन, वॉर्डाचे पाच. आठवड्याने सरांनी वही पाहिली आणि औषधांच्या तक्त्यासाठी ठेवलेला वेळ कमी न करता रोजचे दीडशे प्रश्न साठांवर आणले. वाद संपला असे नव्हे. साठ प्रश्न तपासायला सोडवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, एवढे त्यांनी मान्य केले.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेत जी नवी प्रकरणे आली, त्यांची तयारी बऱ्याच पुन्हा बसणाऱ्या उमेदवारांकडून राहून जाते, विशेषतः आधीचा प्रयत्न त्यापूर्वी झाला असेल तर. कमीत कमी लांबीच्या परीक्षेतही तीन रुग्णप्रकरणे असतात, प्रत्येकावर सहा प्रश्न. एकच रुग्ण, त्याचा केस पेपर, परिचारिकेच्या नोंदी, तपासण्या, आणि सहा प्रश्न ठरलेल्या क्रमाने : खुणा ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा क्रम लावणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे. मधल्या वेळात रुग्णाची स्थिती बदलते, नवीन नोंद येते. हँडओव्हर घेऊन पाळी सुरू करणाऱ्या सिस्टरला हे अनोळखी वाटू नये, पण पडद्यावर चार टॅब उघडे ठेवून वाचायची सवय लागते. याशिवाय ‘बो-टाय’ नावाचा एक प्रकार असतो : मध्ये एक संभाव्य आजार, डावीकडे दोन कृती, उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी.

गुण देण्याची पद्धतही बदलली आहे. ‘लागू पडतील ते सर्व निवडा’ या प्रकारात पूर्वी एक चुकले की सगळे गेले असा नियम होता. आता बरोबर निवडीला एक गुण, चुकीच्या निवडीला एक वजा, आणि बेरीज शून्याखाली जात नाही.

सर : म्हणून मी सांगतो, शंका असली तरी टिक करा. अर्धे गुण तरी मिळतात.

सिस्टर : नाही सर, इथं तुमची शाळेची सवय बोलतेय. पाचपैकी तीन बरोबर आहेत असं धरा. तिनं पाचही टिक केले, तीन अधिक, दोन वजा, राहिला एक. दोनच टिक केले, दोन्ही बरोबर, तर दोन. मग हावरटपणा कशाला?

हिशेब सिस्टरांच्या बाजूने आहे, मात्र पुरा नाही. पर्याय बरोबर असण्याची शक्यता चुकण्यापेक्षा जास्त वाटत असेल तर टिक करावी, निम्मी-निम्मी वाटत असेल तर सोडून द्यावी, एवढाच त्याचा अर्थ. घाबरून सगळेच सोडणाऱ्या उमेदवाराला हा नियम वाचवत नाही.

राहिली तारीख. सर ४५ व्या दिवसावर अडून होते, सिस्टर ‘तयार होईल तेव्हा’ म्हणत होत्या.

सर : ‘तयार होईल तेव्हा’ अशी तारीख कॅलेंडरात नसते, सिस्टर. मी अशा सात जणी पाहिल्यात. लग्न झालं, मूल झालं, अजून तयार होतायत.

सिस्टर : आणि मी पंचेचाळिसाव्या दिवशी बसलेल्या पाहिल्यात. तशीच चूक, नव्या फीनं.

येथे लेखाचे मत सरांकडे झुकते. परवानगीपत्राची मुदत साधारण ९० दिवसांची असते. त्या आत परीक्षा न दिल्यास पत्र वाया जाते आणि फीही. तारीख आधी घ्यायची आणि तयारीने तिच्यापर्यंत पोहोचायचे, हाच क्रम मुदतीच्या नियमांना धरून आहे. मात्र पहिल्या दोन आठवड्यांत नवीन काही वाचू नये, अहवाल आणि जुन्या चुका बघाव्यात, ही सिस्टरांची अट त्यात बसवता येते. मुलीने ७२ व्या दिवसाची तारीख घेतली. त्यासाठी वॉर्डातल्या मैत्रिणीशी शेवटच्या आठवड्याच्या नाईट बदलून घेतल्या. रात्रपाळीच्या झोपेतून उठून पाच तासांच्या परीक्षेला जाणे ही चूक तिने पहिल्या वेळी केली होती, आणि ती कुठल्याच अहवालात लिहिलेली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर ओळखपत्र पाहतात, तळहाताच्या शिरांची नोंद घेतात, घड्याळ, पर्स, फोन बाहेर ठेवायला लावतात. आत पुसता येणारी पाटी देतात. सोडवलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही आणि प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही. दोन तासांनंतर एक आणि साडेतीन तासांनंतर दुसरी, अशा दोन ऐच्छिक सुट्या असतात, पण त्यांचा वेळ पाच तासांतूनच जातो. १५० प्रश्नांपर्यंत जावे लागेल असे धरले तर एका प्रश्नाला दोन मिनिटे येतात. ८५ च्या आसपास थांबेल या आशेवर सुरुवातीला रेंगाळणे म्हणून धोक्याचे. किमान प्रश्न पूर्ण होण्याआधी वेळ संपला तर निकाल नापास. किमान पूर्ण झाल्यावर वेळ संपला तर तोवरच्या उत्तरांवरून निकाल ठरतो.

सर : ८५ ला बंद झालं तर मला फोन कर म्हणून सांगितलंय तिला.

सिस्टर : ८५ ला बंद होऊन पासही होतात आणि नापासही. फोन करून काय सांगणार?

सर : माझा धीर, सिस्टर. तिचा नाही.

निकाल कळेपर्यंतचा वेळ अफवांचा असतो. परीक्षेनंतर पुन्हा नोंदणी करायचा प्रयत्न करायचा, पैसे स्वीकारले गेले तर नापास आणि नाकारले गेले तर पास, अशी एक युक्ती परिचारिकांमध्ये वर्षानुवर्षे फिरते आहे. ती अधिकृत नाही, आणि पैसे खरोखरच कापले गेले तर धक्का दुहेरी बसतो. अधिकृत निकाल राज्याच्या मंडळाकडून येतो, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. ज्या मंडळांनी सोय ठेवली आहे, तिथल्या उमेदवारांना ७.९५ डॉलर भरून कामकाजाच्या दोन दिवसांनी पिअर्सनच्या संकेतस्थळावर अनौपचारिक निकाल पाहता येतो. पास झाल्यानंतर व्हिसासाठीच्या प्रमाणपत्राची वेगळी वाट सुरू होते; पदवीची पडताळणी आणि इंग्रजीची परीक्षा पुष्कळदा त्याआधीच झालेली असते. पहिल्या प्रयत्नापूर्वी पदवीची पडताळणी झालेली असल्यास दुसऱ्या प्रयत्नासाठी ती सहसा पुन्हा करावी लागत नाही. इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाला मात्र मुदत असते, आणि पुन्हा बसण्याची तारीख ठरवताना तो कागद एकदा काढून पाहावा लागतो.